सुट्टीतली हजेरी

वसुबारसेच्या सुमारास बोईसर स्थानकावर जी गर्दी उसळते ती पाहिली म्हणजे या गावाचा खरा स्वभाव ध्यानात येतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या माणसांपैकी फार मोठा भाग मूळचा येथला नव्हे. कोणी खानदेशातून आलेला, कोणी कोकणातून, कोणी सांगली-साताऱ्याकडून, तर कोणी त्याहूनही दूर उत्तर प्रदेश, बिहार वा ओडिशातून. आणि वर्षभर खैरा फाटक, चित्रालय, धोडीपूजा, अवधनगर अशा वस्त्यांतल्या लहानशा खोल्यांत दाटीने राहणारा हा समाज सणाची चाहूल लागताच बोनसचे पैसे, मुलांचे कपडे आणि मिठाईचा पुडा घेऊन आपापल्या गावच्या वाटेला लागतो. मुरबे, नवापूर, दांडी, चिंचणी येथल्या किनाऱ्यावरच्या घरांत त्या वेळी दिवाळी नांदत असते, आतल्या पाड्यांतून वारली बांधवांचा तारपा घुमू लागलेला असतो. भाड्याच्या चाळींत मात्र दारादारांवर कुलपे दिसतात. बहुतेक धुराडी निवतात, रसायनांचा जो उग्र वास एरवी नाकाच्या सवयीचा होऊन गेलेला असतो तो विरतो, आणि पश्चिमेचा खारा वारा थेट स्थानकापर्यंत येऊन पोचतो.

या रिकाम्या झालेल्या गावात जो मागे राहतो, आणि मागे राहून आजारी पडतो, त्याच्याविषयी मला लिहावयाचे आहे.

माझी सारी नोकरी वसाहतीतल्या एका कापडप्रक्रियेच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात झाली. फाटकाजवळच्या त्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे, मस्टर भरणे, रजेचे अर्ज तपासणे, ओव्हरटाइमचा हिशेब करून पगारपत्रक तयार करणे, आणि दिवाळीच्या तोंडावर १९६५ च्या बोनस कायद्यान्वये किमान ८.३३ टक्क्यांपासून पुढे जो दर त्या वर्षी ठरेल त्याप्रमाणे पाकिटे भरून, सही किंवा अंगठा घेऊन ती वाटणे, हे माझे काम. बाहेरच्या माणसाला ते रुक्ष वाटे आणि कामगाराला जाचक वाटे. परंतु वर्षानुवर्षे ते केल्यावर माझ्या असे लक्षात आले की, घरदार सोडून आलेल्या माणसाच्या अस्तित्वाची रोजच्या रोज दखल घेणारी या गावात जर कोणती एक गोष्ट असेल, तर ती हजेरी होय. पहिल्या पाळीला सात वाजून गेले आणि एखाद्याच्या नावापुढचा रकाना कोरा राहिला, की मुकादम विचारतो, "आज तो का नाही?" शेजारच्या यंत्रावरचा सोबती सांगतो की काल रात्री त्याच्या अंगात कणकण होती, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्याच्या खोलीवर डोकावून येतो. त्या प्रश्नामागे उत्पादनाची चिंता असेल, माणसाची असेलच असे नाही; पण प्रश्न विचारला जातो, आणि एकट्या आजाऱ्याच्या दृष्टीने तेवढ्याने पुष्कळ काही साधते.

सुट्टीत हा प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. सगळेच गैरहजर असतात तेव्हा कोणाचीच गैरहजेरी डोळ्यांवर येत नाही. कारखान्यातल्यांना वाटते, तो गावी पोचला असेल. गावाकडच्यांना वाटते, त्याला कामातून सवड मिळाली नसेल. आणि या दोन समजुतींच्या मध्ये, कुलूप नसलेल्या एखाद्या बंद दाराआड, तो माणूस तापाने फणफणत पडलेला असतो. त्यात कारखान्यांचा शिरस्ता असा, की सणाच्या सुट्टीचा पगार हवा असेल तर सुट्टीच्या आदल्या आणि नंतरच्या कामाच्या दिवशी हजर असले पाहिजे. त्यामुळे सणाला लागून आलेले प्रत्येक आजारपण दफ्तराला संशयास्पद वाटते, दाखला मागितला जातो, त्यावरची तारीख निरखली जाते. वस्तुतः शरद ऋतूत वैद्यांना उसंत नसते हे फार जुने निरीक्षण आहे. पावसाळा सरताना बांधकामाचे खड्डे, उघडी पिंपे, गच्चीवरच्या टाक्या यांत साचलेल्या पाण्यावर डासांची पैदास होते. हिवतापाचा जंतू शरीरात शिरल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ताप उठतो. म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे चावलेला डास दिवाळीत माणसाला अंथरुणावर पाडतो. सणाचे आजारपण हे पुष्कळदा पंचांगाइतकेच नियमबद्ध असते.

मला हे सारे स्वतःच्या देहावर समजले ते १९९४ च्या दिवाळीत. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. विरारची लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली तीही २०१३ साली. तोवर शटल आणि लांबच्या गाड्या यांवरच आमची सारी भिस्त असे. त्याच लोहमार्गावर उत्तरेला सुरत, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ उद्भवल्याची वार्ता पसरून लक्षावधी माणसे ते शहर सोडून निघाली होती. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या आमच्या स्थानकावरून जात. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १८९६ नंतरचा मुंबईचा प्लेग पाहिला होता अशा घरांतून गाठीच्या तापाच्या जुन्या आठवणी पुन्हा सांगितल्या जाऊ लागल्या. दिवाळीपर्यंत साथ ओसरली होती, पण भय ओसरले नव्हते, आणि अशा दिवसांत माणूस "मला ताप आहे" असे चारचौघांत म्हणावयास धजत नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होते, आणि आमचे मालक गुजराती असल्यामुळे कारखाना उघडावयाचा तो लाभपंचमीच्या मुहूर्तावर. बोनसचे वाटप संपवून, तिजोरीचा हिशेब जुळवून मी खोलीवर आलो तेव्हा कणकवलीकडे जाणाऱ्या रात्रीच्या एस.टी.चे आरक्षण खिशात होते. कोकण रेल्वे पुरी व्हावयास अजून काही वर्षांचा अवकाश होता. कपडे पिशवीत भरता भरताच हुडहुडी भरली. हिवतापाची थंडी ज्याने अनुभवली नाही त्याला तिचे स्वरूप सांगून कळावयाचे नाही. दात आपल्या ताब्यात राहत नाहीत, अंगावर घोंगडी, चादर, सतरंजी जे सापडेल ते ओढून घेतले तरी हाडांतला गारठा हटत नाही. मग तासा-दीड तासाने तीच पांघरुणे जाळू लागतात, डोके ठणकते, डोळे उघडवत नाहीत. आणि अखेर घामाने अंथरूण चिंब होऊन ताप उतरतो तेव्हा इतका थकवा येतो, की चार पावलांवरच्या माठापर्यंत जाऊन पेलाभर पाणी घ्यावे की नाही, याचा माणूस कितीतरी वेळ विचार करीत राहतो. दुसऱ्या दिवशी अंग हलके वाटते, आता बरे झालो अशी खात्री वाटू लागते. आणि तिसऱ्या दिवशी जवळजवळ त्याच वेळी पुन्हा थंडी भरते. या तापाचे हे मधले दिवस फसवे असतात. ज्या दिवशी माणूस डॉक्टराकडे चालत जाऊ शकला असता त्याच दिवशी त्याला जाण्याचे कारण दिसत नाही.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. तापाच्या ग्लानीतही त्यांचा विचार माझ्या मनात घोळत राहिला, कारण त्यांतला फक्त चौथा पाद त्या खोलीत हजर होता. जवळचे डॉक्टर सणासाठी गावी गेलेले. औषधांचे दुकान कोपऱ्यावर असूनही माझ्या लेखी दूर. आणि परिचर्येचे म्हणावे तर ज्या खानावळीवर माझा दोन वेळचा निर्वाह चाले ती वसुबारसेपासून बंद. एकट्या नोकरदाराच्या आजारपणात उपासमार ही व्याधीच्या बरोबरीने येते हे घरात माणसे असलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. बाहेर फटाके वाजत होते, कोणाच्या तरी घरी चकल्या तळल्याचा खमंग वास येत होता, आणि त्या वासानेच पोटात ढवळून येत होते.

चाळीत माझ्या शेजारची खोली एका बॉयलर अटेंडंटची होती. जळगावकडचा, माझ्याहून वयाने लहान, एका रासायनिक कारखान्यात कामाला. आणि त्या कारखान्याची प्रक्रिया अखंड चालणारी असल्यामुळे दिवाळीतही त्याची रात्रपाळी सुटलेली नव्हती. सण साऱ्या गावाचा असला तरी काही माणसांना आपल्या जागेवर उभे राहावेच लागते. १९६९ पासून तारापूरची अणुभट्टी ज्या पाळ्यांच्या आधारावर चालत आली आहे, तिथली माणसेही लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या पाळीवर असतातच. तर हा शेजारी सकाळी पाळीवरून येऊन झोपे, आणि नेमक्या त्याच वेळी मी चहासाठी स्टोव्हला पंप मारीत असे. मधली भिंत इतकी पातळ, की त्या आवाजाने रोज त्याची झोप चाळवत असली पाहिजे. पण त्याने कधी तक्रार केली नव्हती. त्या दिवशी त्याने माझे दार वाजवले आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "भाऊ, परवापासून तुमचा स्टोव्ह ऐकू आला नाही. म्हटलं गावाला गेले असतील, पण बाहेर कुलूप दिसत नाही." मी काही बोलण्याआधीच तो आत आला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढचे सारे त्याने फार शांतपणे केले. घरमालकीणबाईंनी अंगणातूनच विचारले, "गाठ-बिठ नाही ना आली कुठे?" त्या प्रश्नाचा मला मुळीच राग आला नाही, कारण त्या दिवसांत तो कोणीही विचारला असता, आणि विचारून झाल्यावर त्यांनीच पातेलीभर पातळ पेज, वर मिठाचे खडे, अशी खिडकीत आणून ठेवली. शेजाऱ्याने रिक्षा आणली. उमरोळीवरून आम्ही पालघरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे पाळीवरच्या डॉक्टरांनी बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेण्यास सांगितले, आणि सुट्टीचा दिवस असूनही तपासणीस बोलावून ती पाहून घेतली. हिवताप, व्हायव्हॅक्स जातीचा. क्लोरोक्विनच्या पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या, आणि यकृतात दडून राहणारा जंतू पुन्हा डोके वर काढू नये म्हणून त्यापुढे प्रायमाक्विन. इतक्या साध्या, इतक्या स्वस्त उपचाराने जो ताप हटतो, त्यासाठी आवश्यक होते ते कोणीतरी दार वाजवणे.

संध्याकाळी पाळीवर जाताना त्याने आणखी एक बंदोबस्त केला, आणि तो माझ्या मनात कायमचा राहिला. समोरच्या बंद कारखान्याचा चौकीदार रात्री फेरी घाली. त्याला त्याने सांगून ठेवले, की फेरीत याच्या दारावर काठी वाजवावी, आतून उत्तर आले तर पुढे जावे, न आले तर मला बोलवावे. रात्री काठीचे दोन ठोके पडत. मी अंथरुणातून "आहे" असे म्हणे. आणि पावले पुढे निघून जात. शेकडो माणसांची हजेरी मी आजवर घेतली होती. पण कोणीतरी आपली हजेरी घेत आहे आणि ती आपल्या जिवासाठी घेत आहे, या जाणिवेने मनाला केवढा धीर येतो, हे मला त्या रात्रींनी शिकवले.

बरा होता होता मला माझ्या वडिलांच्या पिढीची आठवण वारंवार येई. ते गिरणीत होते, लालबागच्या एका गाळ्यात गावकऱ्यांबरोबर राहत. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी, एकाच वाडीतली ती माणसे. जागेची इतकी टंचाई, की एकान्त म्हणून काही नव्हताच. पण त्यामुळेच एखादा आजारी पडला तर ते लपून राहत नसे, आणि गावकरी मंडळाच्या ट्रंकेतून त्याच्या औषधाला पैसे निघत. खानावळवाल्या बायका त्यांना जेवू घालीत. त्या कष्टकरी अन्नपूर्णांना संघटित करण्याचे कार्य प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची ती वीण उसवली, आणि कापडाचे पुष्कळसे काम भिवंडीकडे, सुरतेकडे, आमच्यासारख्या वसाहतींकडे गेले. काम आले, माणसे आली. परंतु गावकरी मंडळ, गाळ्यातले नातेवाईक आणि नाव घेऊन हाक मारणारी खानावळवाली बाई ही व्यवस्था मागेच राहिली.

शासनाने एकेकाळी या उणिवेचा विचार केला होता, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा, आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. पुढे शैथिल्य आले आणि १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. १९७७ च्या सुधारित योजनेत आरोग्यसेवकाने दर पंधरवड्याला घरोघर जाऊन विचारावयाचे असे, की घरात कोणाला ताप आहे काय, मागच्या फेरीनंतर कोणाला येऊन गेला काय, कोणी पाहुणा तापलेला आहे काय. आणि तसे असल्यास तिथल्या तिथे रक्ताचा नमुना घेऊन गोळ्या द्यावयाच्या. भिंतीवर त्याच्या भेटीची तारीख लिहिलेली असे. या विशाल देशात ताप आलेल्या माणसाने आपणहोऊन यावे अशी अपेक्षा न करता त्याच्या दारापर्यंत जाऊन विचारावे, ही कल्पना ज्यांनी प्रथम अमलात आणली त्यांना आजारी माणसाचे मन चांगले समजलेले होते.

पुढल्या वर्षीपासून बोनसची पाकिटे वाटताना मी एक स्वतंत्र वही टेबलावर ठेवू लागलो. सही झाली की विचारावयाचे, "सुट्टीत कुठे?" जो "इथेच" म्हणेल त्याचे नाव, चाळ, खोली, आणि गावाकडे निरोप कोठे द्यावयाचा ते लिहून घ्यावयाचे. बंद काळात कारखान्यात चौकीदार आणि देखभालीची दोन-चार माणसे असतच; त्यांनी येता-जाता त्या खोल्यांची दारे वाजवावीत असे ठरले. कायद्याने आम्हांवर याचे बंधन नव्हते. १९४८ चा कारखाने अधिनियम पाचशे वा अधिक कामगार असतील तेथेच कल्याण अधिकारी नेमण्यास सांगे, आणि बोईसरातले बहुतेक कारखाने त्या मर्यादेच्या फार खाली होते.

त्या वहीमुळे एका वर्षी ओडिशातला एक मुलगा हाती लागला. डोळे हळदीसारखे पिवळे, दोन दिवस पाण्यावर राहिलेला, आणि तरीही देखभालीच्या माणसाला "ठीक आहे" असेच सांगत राहिलेला. त्याला दवाखान्यात पोचवल्यावर त्याने मला पहिली गोष्ट विचारली ती खाड्याची. तो पावसाळ्यात कामाला लागलेला होता. राज्य विमा योजनेत नाव लागल्या दिवसापासून उपचार मिळतात. पण आजारपणातला रोख लाभ नव्या कामगाराला नऊ महिन्यांनंतरच सुरू होतो, आणि ज्यांना तो मिळतो त्यांनाही पहिले दोन दिवस वगळूनच. म्हणजे जो सर्वांत नवखा, ज्याची गावात अजून ओळख नाही आणि ज्याच्यापाशी परतीच्या भाड्याचे पैसेही नाहीत, तोच सुट्टीत मागे राहतो, आणि योजनेच्या मुदतींतही तोच उघड्यावर पडतो. मालकांपाशी शब्द टाकून मी त्याचे ते दिवस आगाऊ रजेत घातले. त्या मुलाने आजार लपवला तो पैशाच्या चिंतेने, आणि त्या चिंतेला वेळीच उत्तर मिळणे हा उपचाराचाच भाग आहे, अशी माझी दृढ धारणा झाली.

२०२० साली टाळेबंदीने सारा देशच घरात बसला, तेव्हा बंद खोलीतला ताप म्हणजे काय हे घरोघर कळले. त्या सप्टेंबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" या मोहिमेत आशा सेविका आणि स्वयंसेवक दारोदार फिरून अंगातला ताप आणि रक्तातला प्राणवायू मोजू लागले. मी तोवर निवृत्त झालो होतो. माझ्या दाराशी आलेल्या सेविकेने वहीत डोके घालूनच विचारले, "घरात कोणाला ताप, खोकला?" आणि मी उत्तर दिले तेव्हा हे काम किती मोलाचे आहे हे तिला सांगितल्यावाचून मला राहवले नाही.

आता वसाहतीत कायम कामगार थोडे आणि कंत्राटी पुष्कळ. त्यांची नावे कंत्राटदाराच्या दफ्तरी, अंगठ्याची नोंद यंत्रात, आणि खोली कोठे हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नाही. यंत्र हजेरी अचूक मोजते, पण नाव कोरे राहिले तर "का नाही?" हे विचारावयास माणूसच लागतो. माझे म्हणणे फार मोठ्या सुधारणेचे नाही. जे तरुण आज टाइम ऑफिसात बसतात त्यांनी दिवाळीपूर्वी, होळीपूर्वी, छठपूर्वी एक पान आखावे; नाव, खोली, गावचा फोन, आणि सुट्टीत कामावर असणाऱ्यांपैकी त्या दाराशी कोणी जावयाचे त्याचे नाव, असे चार रकाने त्यात असावेत; कंत्राटी कामगारांना त्यातून वगळू नये; आणि सुट्टीनंतर कोणी आजारपणाचा दाखला घेऊन आला तर त्यावरची तारीख पाहण्याआधी त्याला विचारावे, की त्या दिवसांत तुझ्याकडे कोण होते. बोनसच्या पाकिटांबरोबर ही वही टेबलावर असावी, एवढी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.